कागद सायप्रसचा, जिना अबू हाबिसचा

माझा नवरा मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो गॅसच्या गाडीवर आइस्क्रीम मागत होता.

सल्तमध्ये गॅसची गाडी गाणं वाजवत येते. गोड, टिंगटिंग सूर. जॉर्डनमधल्या माणसाला तो ऐकून घरातला रिकामा सिलिंडर आठवतो, युरोपातून नुकत्याच आलेल्या माणसाला लहानपण आठवतं. तर हा उंच, फिकट केसांचा गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी धावत आला, गाडीसमोर उभा राहिला आणि एक दिनार पुढे करून म्हणाला, "एक. पिस्ता."

गॅसवाल्याने गाडीत मागे वळून पाहिलं, जणू खरंच शोधतोय. "पिस्ता संपला," तो म्हणाला. "निळा आहे. सात दिनार."

एवढी शोधाशोध करायला लावून नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने सात दिनार मोजले, सिलिंडर खांद्यावर घेतला आणि आमच्या गल्लीच्या पायऱ्या चढायला लागला. मी तिसऱ्या मजल्याच्या सज्जात कपडे झटकत होते.

विसाव्या पायरीवर तो थांबला. "तुम्ही हसताय का?"

"नाही. मोजतेय. एकूण एकशे चौदा आहेत."

"तुम्ही वरून सांगू शकला असता... ही आइस्क्रीमची गाडी नाही म्हणून."

"चार वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं नव्हतं."

त्याने सिलिंडर खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कुठलं मागितलं होतं?"

"...व्हॅनिला."

प्रेमाची सुरुवात यापेक्षा बरी होऊ शकते, हे मला मान्य आहे.

त्याचं नाव तार्मो. एस्टोनियाचा. मी नेझा, स्लोव्हेनियाची. इथल्या मुलांच्या दवाखान्यात वाकड्या पायांना व्यायाम शिकवते. दोघांच्या देशांत मिळून जेवढी माणसं राहतात तेवढी आमच्या गल्लीतच राहतात असं मला एखाद्या दिवशी वाटतं. तो समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आला होता. त्याची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यात गल्लीची रुंदी, म्हणजे तीन मीटर, आणि घरमालक.

घरमालक म्हणजे अबू हाबिस. हाबिस हा त्यांचा थोरला, तो कॅनडात असतो. पण त्याच्या नावाने बाप 'अबू' आणि आई 'उम्म' होऊन इथेच राहिलेत. अबू हाबिस निवृत्त शाळा तपासनीस. तुम्ही 'सुप्रभात' म्हणालात तरी दहापैकी किती गुण द्यायचे याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मी राहायला आले त्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला होता. "या जिन्याने वर दोनच गोष्टी जातील, पोरी. तू आणि पाणी."

पाणी मंगळवारी जायचं. आमच्या ओळीला आठवड्यातून एकदाच नळ येतो. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरायच्या आणि कपडे, जिने, गालिचे, नातवंडं, जे हाताला लागेल ते धुवायचं. सगळी टेकडी गच्चीवर असते. अशाच एका मंगळवारी समोरून आवाज आला.

"तुमच्या टाकीतला चेंडू अडकलाय."

"तुम्हाला तिथून दिसतोय?"

"ऐकू येतोय."

हाच त्याचा धंदा होता. तो गळतं पाणी ऐकायचा. एक लांब लोखंडी कांडी असते, तिच्या वरच्या टोकाला कानाशी धरायची वाटी. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं आणि जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते सांगायचं. गावच्या पाणीखात्याने त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, आणि त्याचं अरबी खड्ड्यातल्या कामगारांकडून शिकलेलं होतं. त्यामुळे तो शेजारणींना 'नमस्कार' सुद्धा पाना मागितल्यासारखा घालायचा.

"इथल्या बायका काय बोलतात तेही ऐकू येतं?" मी विचारलं.

"जमिनीखाली जाऊन बोलत असतील तर."

उम्म हाबिस माझ्या मागे गालिचा घासत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. "काय म्हणाला?"

"टाकी बिघडलीय म्हणतो, मावशी."

"हं," त्या म्हणाल्या. "टाकी."

मग दर मंगळवारी तो गच्चीवर असायचा. मी इकडे पिळायची, तो तिकडे एकच शर्ट तीनतीनदा वाळत घालायचा. गच्ची ही सर्वांना दिसणारी जागा, त्यामुळे अबू हाबिसना आक्षेप घेता येईना. आक्षेप घेण्याऐवजी ते खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसायचे. दोन तासांत पान उलटायचे नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी बारीक पाऊस होता, दगडी पायऱ्यांवरून ओघळणारा, हाडात शिरणारा. मी दवाखान्यात निघाले होते. कोपऱ्यावर तार्मो गुडघ्यांवर बसून नळाच्या झाकणाशी कांडी टेकवून ऐकत होता. केसांतून पाणी गळत होतं. त्याने डोळे न उघडताच हात वर केला — थांब. मी थांबले. मग त्याने वाटी माझ्या कानाशी धरली. बोटं गार होती, आणि नको तितकी जपून धरलेली.

आधी काहीच नव्हतं. मग फार लांबून, खालून, कोणीतरी कुजबुजत जिना चढावं तसं...

"येतंय," तो म्हणाला. "अजून दहा मिनिटांनी तुझ्या टाकीत पडेल."

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतात, पण मला ते पहिल्यांदाच 'तू' ऐकू आलं. मी पत्ता लागू दिला नाही.

"तुम्ही आज इथे कसे? मंगळवार आमचा. तुमचं पाणी वेगळ्या नळावर आहे ना?"

"हो. माझं गुरुवारी येतं."

"मग दर मंगळवारी गच्चीवर काय करता?"

तो बराच वेळ कांडी पुसत राहिला. कांडी आधीच पुसलेली होती. शेवटी म्हणाला, "गुरुवारी तू नसतेस."

मी त्या दिवशी दवाखान्यात एका लहानग्याच्या चांगल्या पायाला अर्धा तास व्यायाम दिला. त्याच्या आईने शेवटी सांगितलं.

आमच्याकडच्या पद्धतीने आम्ही लग्नाचं ठरवलं. म्हणजे दोघांनी ठरवलं. हीच आमची चूक, आणि ती परक्या मुलखातून आलेल्या दोन माणसांनाच सुचू शकते. परदेशी माणसांना इथे लग्न करायचं तर कागदांचा डोंगर, म्हणून सगळे परदेशी करतात तेच केलं. विमानाने तासाभरावर सायप्रसला गेलो, लार्नाकाच्या नगरपालिकेत टोकन घेतलं. सत्तावीस नंबर. चौदा मिनिटांत नवरा-बायको झालो. अधिकारी बाईंनी पेन परत मागून घेतलं. माझ्या वडिलांना मी फोन केला. ते म्हणाले, "बरं," आणि तिकडे हवा कशी आहे विचारलं.

शुक्रवारी संध्याकाळी बकलाव्याचा दोन किलोचा डबा घेऊन आम्ही अबू हाबिसच्या दारात उभे राहिलो. मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मागची बाजूही.

"मुबारक," ते म्हणाले. मग तार्मोकडे वळले. "कोणी मागितलं?"

"काय मागितलं?"

"हिला. कोण आलं होतं मागायला? कोणाकडे मागितलं? मी घरीच होतो. माझ्याकडे कोणी आलं नाही."

"काका, आमच्याकडे तसं—"

"उद्या दुकानात मला विचारतील, अबू हाबिस, तुझ्या पोरीला मागायला कोण आलं होतं? मी काय सांगू? टोकन नंबर सत्तावीस?"

तार्मोने माझी बॅग उचलली आणि एक पायरी चढला. अबू हाबिसनी हात आडवा केला, अगदी शांतपणे, वर्गात शिरणाऱ्या उशिरा आलेल्या मुलाला अडवावं तसा.

"कागद सायप्रसचा आहे," ते म्हणाले. "जिना माझा आहे. पुढच्या शुक्रवारी चार वाजता माणसं घेऊन ये. ज्याला मी नाही म्हणू शकणार नाही असा एक म्होरक्या आण. रीतसर माग. तोवर ती तिच्या घरी, तू तुझ्या घरी."

बकलावा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

मी सरळ गल्ली ओलांडून जाऊ शकत होते. कायद्याने मी त्याची बायको होते आणि त्याच्याकडे एक भरलेला सिलिंडरही होता. बॅग घेऊन मी स्वयंपाकघरात निरोप घ्यायला गेले. उम्म हाबिस काळ्या कापडावर लाल दोऱ्याने भरतकाम करत बसल्या होत्या. बाही होती. माझ्या मापाची.

"हे कधीपासून?"

"टाकी बिघडली तेव्हापासून," त्या वर न बघता म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा ही दोघं नऊ दिवस आळीपाळीने माझ्या उशाशी बसली होती. तेव्हा मी आभार मानले होते, आणि भाडं वेळेवर दिलं होतं. आमच्याकडे एवढ्यात हिशेब मिटतो. माझ्या स्वतःच्या घरून मी अठराव्या वर्षी निघाले, कोणी अडवलं नाही; आयुष्यात जिथून जिथून निघाले तिथे लोकांनी दार धरून ठेवलं, माझी सोय व्हावी म्हणून. मला असंच देऊन टाकायला कोणी नकार देण्याची ही पहिलीच वेळ होती. मी बॅग खाली ठेवली आणि बसले. मला आता कोणीतरी येऊन मागायला हवं होतं. रीतसर. म्होरक्यासकट.

हे तार्मोला गच्चीवरून सांगणं मला अवघड गेलं, कारण टेकडी ऐकत होती.

"तो तुझा घरमालक आहे," तो म्हणाला. "पावतीवर तसं लिहिलंय."

"पावतीवर बरंच काही लिहिलेलं नाही."

"नेझा, आपलं लग्न झालंय. मी माझ्याच बायकोला का मागू?"

"कारण मला मागितलेलं बघायचंय."

"आमच्या घरी कोणी मीठसुद्धा मागत नाही. उठून घेतात." त्याचा आवाज उतरला. "मला लोकांसमोर बोलता येत नाही. मला कोणी ओळखत नाही इथे. मी कोणाला आणू?"

"मला माहीत नाही. पण तू आला नाहीस ना... तर मी येईन तुझ्याकडे. नक्की येईन. फक्त, आल्यावर मी कशी असेन ते मला सांगता येत नाही."

शेजारच्या गच्चीवरून उम्म तलाल म्हणाल्या, "काय म्हणतोय ग?" आणि कोणीतरी त्यांना भाषांतर करून सांगितलं.

मंगळवारी तो गच्चीवर आला नाही. माझी टाकी भरून वाहिली तरी कोणी सांगितलं नाही. बुधवारी त्याच्या सज्जाची दारं बंद. गुरुवारी त्याचं पाणी आलं, एकटंच पडत राहिलं. भाजीवाला मला न मागता जास्तीची कोथिंबीर द्यायला लागला. गल्लीने माझी आशा सोडली होती.

शुक्रवारी अबू हाबिसनी दाढी केली, खांद्यावर तपकिरी झगा घेतला आणि शेजारपाजारच्या चाळीस खुर्च्या दिवाणखान्यात आणि अंगणात मांडायला लावल्या. आमच्या बाजूची माणसं, म्हणजे त्या दिवसापुरते माझे काका, मामा आणि चुलतभाऊ झालेले शेजारी, तीन वाजल्यापासून बसली होती. त्यातल्या निम्म्यांशी मी आजवर बोललेही नव्हते. मी तो काळा, लाल भरतकामाचा पायघोळ पोशाख घालून स्वयंपाकघरात उम्म हाबिसशेजारी उभी होते. दार बोटभर उघडं.

"चाळीस जास्त झाल्या," मी म्हणाले. "तो फार तर दोघांना आणेल. एक त्याचा साहेब आणि एक ड्रायव्हर."

"गप बस, कपडा चुरगळेल."

चार वाजले. चार वाजून पाच. चार वाजून दहा. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे कोणी बघत नव्हतं, इतक्या मेहनतीने की सगळे त्यांच्याकडेच बघतायत असं वाटत होतं. अबू हाबिस घड्याळाला किल्ली देत होते. ते घड्याळ बॅटरीवर चालतं.

मग खालून आवाज आला. आधी काहीच नव्हतं म्हणावं इतका बारीक. मग दगडी पायऱ्यांवर बुटांचा. एक जोड, दहा जोड... थांबेचना. मी खिडकीशी धावले.

गल्लीच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत माणसांनी भरल्या होत्या. नळ जोडणारे, खड्डे खणणारे, टँकरचे ड्रायव्हर, मीटर वाचणारे. ज्यांना आजवर फक्त चिखलात कमरेपर्यंत पाहिलं होतं ती सगळी माणसं इस्त्रीच्या कोटात, दाढ्या करून, केस चोपडून वर येत होती. सत्तर तरी असतील. मधोमध मान खाली घातलेला तार्मो, उसन्या कोटात, मनगटं बाहेर. आणि सगळ्यांच्या पुढे अबू झैदान.

अबू झैदान म्हणजे पाण्याचा किल्लीवाला. सुकलेला, बासष्ट वर्षांचा. तीस वर्षं तोच लोखंडी किल्लीने अर्ध्या गावाचे नळ सोडतोय. मंत्री आले आणि गेले. मंगळवार अबू झैदानने ठेवला.

"अरे देवा," उम्म हाबिस पुटपुटल्या. "याला कोण नाही म्हणणार?"

"चार दिवस तो आमच्या खड्ड्याखड्ड्यांत उतरत होता," नंतर मला एका ड्रायव्हरने सांगितलं. "प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारलं, 'शुक्रवारी माझ्याबरोबर येशील का?' लाल होत होता. आम्हाला वाटलं कोणी मेलं."

खुर्च्या पुरल्या नाहीत. माणसं जिन्यात, अंगणात, भिंतीवर बसली. अबू झैदानपुढे कॉफीचा छोटा पेला ठेवला गेला. त्याने त्याला हात लावला नाही. मागणं मान्य होईपर्यंत म्होरक्या कॉफी पीत नाही. पेला तसाच राहतो आणि सगळं घर त्या पेल्याकडे बघत राहतं.

"अबू हाबिस," तो म्हणाला, "आम्ही तुझ्या दारात तुझी लेक मागायला आलोय, आमच्या मुलासाठी."

"मुलगा कोणाचा?"

"आमचा."

"आमचा म्हणजे?"

"पाणीखात्याचा."

"घराणं?"

अबू झैदानने मागे पायऱ्यांपर्यंत बसलेल्या माणसांकडे हात केला. "हे काय."

"स्वभाव?"

"बोलत नाही. खड्ड्यात पहिला उतरतो, शेवटी वर येतो."

"ऐकतो का?"

"ऐकणं हेच त्याचं पोट आहे, बाबा."

हसू फुटलं. रीत अशी की इथे मुलीकडच्याने 'प्या' म्हणायचं आणि संपवायचं. पण तेवढ्यात तार्मो उभा राहिला. नवऱ्यामुलाने उठायचं नसतं, बोलायचं तर नसतंच. तो कानापर्यंत लाल होता.

"माझ्याकडे कागद आहे," तो त्याच्या खड्ड्यातल्या अरबीत म्हणाला. "तो मी घरी ठेवून आलोय. कागदाने हिला न्यायला नाही आलो. मागायला आलोय." तो थांबला. शब्द शोधत होता, किंवा हिंमत. "मी आजपर्यंत कोणाकडे काही मागितलेलं नाही. मला नीट येत नाही. चुकलं असेल तर परत मागतो."

अबू हाबिसनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग रीत त्यांनीही मोडली. 'प्या' म्हणायच्या ऐवजी ते उठले, सत्तर माणसांकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले. बोटभर फटीतून त्यांचा एक डोळा दिसत होता. ओला होता, पण तपासनिसाचाच.

"पोरी," ते हळू म्हणाले, "कॉफी निवतेय. काय सांगू त्यांना?"

लार्नाकाच्या बाईंनी हाच प्रश्न मला विचारला होता, छापील, आणि मी पेन सापडेपर्यंत 'हो' म्हणून टाकलं होतं. आता मला घाई नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मला तार्मो दिसत होता, अजून उभाच, कान माझ्या दिशेला, डोळे मिटलेले... फार लांबून काहीतरी येतंय का ते ऐकत.

"जरा थांबू दे त्यांना, काका."

"किती?"

"थोडंसं. मला बघू दे."

उम्म हाबिसनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याची खूण पंधरवडाभर राहिली. अबू हाबिस मात्र हलले नाहीत. दारात तसेच उभे राहिले, माझ्या आणि सगळ्या जगाच्या मध्ये, मला हवा तेवढा वेळ.

"सांगा, प्या म्हणावं," मी म्हणाले.

ते वळले. झगा सारखा केला. आवाज शाळेच्या मैदानाला पुरेल असा काढला. "प्या, अबू झैदान. माझी लेक म्हणतेय, प्या."

माझ्या कानाशी उम्म हाबिसनी जीभ फिरवून आनंदाची जी किलकारी मारली तिला गच्चीगच्चीवरून उत्तरं आली. तार्मोने डोळे उघडले आणि तो मटकन खाली बसला, नेमका एका टँकर ड्रायव्हरच्या मांडीवर. अबू झैदानने पेला उचलला, पार निवलेली ती कडू कॉफी एका घोटात संपवली, मिशा पुसल्या आणि सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं म्हणाला,

"गरमागरम आहे."